दोरीवरची घोंगडी

सन १९३३ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील बँकांची दारे बंद झाली. ४ मार्च रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि ६ मार्च रोजी देशभरातील बँकव्यवहार काही दिवसांपुरते स्थगित केले. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात जी पडझड सुरू झाली, तिने चार वर्षांत त्या संपन्न देशाची अशी दैना केली होती की, काम करू शकणाऱ्या दर चार माणसांतील एकाला काम मिळत नव्हते. मोठ्या शहरांच्या कडेला, कचऱ्याच्या उकिरड्यांलगत, पत्रे आणि खोकी जोडून उभारलेल्या झोपड्यांच्या वस्त्या वाढत होत्या. मावळत्या अध्यक्षांच्या नावावरून लोक त्यांना उपहासाने ‘हूव्हरव्हिल’, म्हणजे आपल्या भाषेत ‘हूव्हरपूर’ म्हणत. पदरी पैसा नाही, उद्याचा भरवसा नाही, अशा त्या दिवसांत अमेरिकी बोलपटाला विनोदाचा एक नवाच प्रकार सापडला. १९३४ ते १९४२ या आठनऊ वर्षांत त्या प्रकाराची जी चित्रे निघाली, त्यांतील निवडक दहापंधरा चित्रे आजही लोक आवडीने पाहतात.

सातासमुद्रापलीकडील जुन्या बोलपटांची ही कथा आपल्या स्मरणिकेत कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याला उत्तर एवढेच की, गणेशोत्सवात कोणते नाटक बसवावे याची चर्चा आपल्या मंडळांत निघते तेव्हा गंभीर नाटकाच्या बाजूने पुष्कळ बोलले जाते आणि अखेर बसते ते विनोदीच. मग प्रयोगानंतर चहाच्या वेळी कोणीतरी ज्येष्ठ सभासद हळूच म्हणतात, “हसलो खरे, पण नुसते हसवून साधले काय?” हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. माणसे उपाशी असताना, घरदार सोडून वणवण करीत असताना त्यांना हसविणे ही त्यांची सेवा की फसवणूक, हा वाद ज्या काळात कसोटीला लागला, त्या काळाची ही हकीकत आहे.

या प्रकाराला इंग्रजीत ‘स्क्रूबॉल’ विनोद म्हणतात. शब्द आला बेसबॉलच्या मैदानावरून. नेहमीच्या वळणाऱ्या चेंडूच्या उलट दिशेने वळणारा तो चेंडू. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर गुगलीचा चुलतभाऊ. न्यूयॉर्कच्या कार्ल हबेल या गोलंदाजाने १९३४ च्या जुलैमध्ये याच चेंडूच्या बळावर बेब रूथसह पाच नामांकित फलंदाज ओळीने बाद केले आणि शब्द घरोघरी पोहोचला. त्याच सुमारास विक्षिप्त, चक्रम माणसालाही बोलीभाषेत स्क्रूबॉल म्हणू लागले. आपण मराठीत ‘याचा स्क्रू जरा ढिला आहे’ म्हणतो, त्या अर्थाच्या हा जवळच आला. येणार येणार म्हणून ज्या बाजूला बॅट धरावी, त्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूने येणारा चेंडू, आणि ज्याच्या वागण्याचा अंदाज बांधता येत नाही असा माणूस, हे दोन्ही अर्थ या बोलपटांना चपखल बसतात.

पहिला मान ‘इट हॅपन्ड वन नाईट’ या चित्राचा. कोलंबिया ही तेव्हा हॉलिवुडातील धाकट्या, काटकसरीने चालणाऱ्या संस्थांपैकी एक. सॅम्युएल हॉपकिन्स अ‍ॅडम्स यांची ‘नाईट बस’ नावाची एक कथा मासिकात आलेली. तिच्यावरून रॉबर्ट रिस्किन यांनी पटकथा लिहिली व फ्रँक काप्रा यांनी दिग्दर्शन केले. नायक क्लार्क गेबल आणि नायिका क्लॉडेट कोलबेर, दोघेही दुसऱ्या संस्थांकडून उसने आणलेले! कोलबेरबाईंना तर या कामात काडीचा रस नव्हता; दुप्पट मोबदला आणि चार आठवड्यांत सुटका, या अटींवर त्या तयार झाल्या. १९३४ च्या फेब्रुवारीत चित्र न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये लागले आणि आठवड्याने उतरले. परंतु पुढे लहान गावांतील चित्रगृहांत लोकांनी एकमेकांना सांगून सांगून ते उचलून धरले. वर्षभराने, २७ फेब्रुवारी १९३५ रोजी, उत्कृष्ट चित्र, दिग्दर्शन, नायक, नायिका आणि पटकथा असे पाचही प्रमुख ऑस्कर सन्मान त्याला मिळाले. कोलबेरबाई त्या संध्याकाळी न्यूयॉर्कची गाडी पकडायला स्टेशनवर गेल्या होत्या. त्यांना तेथून परत आणावे लागले आणि प्रवासाच्या पोशाखातच त्यांनी पुरस्कार घेतला. पाचही सन्मान एकाच चित्राला मिळण्याचा योग पुन्हा जुळून यायला १९७६ साल उजाडावे लागले.

कथा म्हटली तर चार ओळींची. एका गर्भश्रीमंताची लाडावलेली मुलगी एली बापाच्या मनाविरुद्ध एका दिखाऊ विमानवीराशी लग्न करते. बाप तिला आपल्या नौकेवर अडकवून ठेवतो. ती समुद्रात उडी टाकून पळते आणि मायामीहून न्यूयॉर्कला जाणारी रात्रीची बस पकडते. त्याच बसमध्ये नोकरीवरून नुकताच काढलेला पीटर नावाचा बातमीदार असतो. त्याला बातमी हवी असते, तिला सोबत. बस, पाऊस, तुटलेला पूल आणि रिकामा होत चाललेला खिसा यांमुळे दोघांना एका रस्त्याकाठच्या मुक्कामात दोन डॉलरांच्या एकाच खोलीत रात्र काढावी लागते. पीटर खोलीच्या मधोमध दोरी बांधतो आणि तिच्यावर घोंगडी टाकतो. बायबलातील जेरिको नगराची अभेद्य तटबंदी रणशिंगांच्या नादाने कोसळली अशी कथा आहे. पीटर त्या घोंगडीला ‘जेरिकोची भिंत’ म्हणतो आणि वर सांगतो की, आपल्याजवळ रणशिंग नाही.

या चित्राची खरी गंमत समजून घ्यायची तर दुसऱ्या दिवशीची सकाळ पाहावी. बापाने पाठविलेले गुप्तहेर दार ठोठावतात. आता काय करायचे? दोघे क्षणात नवराबायको बनतात, आणि ते कसे? तर कडाकडा भांडून! तो खेकसतो, ती रडते, तो तिला प्लंबरची मुलगी म्हणून हिणवतो, ती किंचाळते. हेर बिचारे ओशाळून परततात. इतके मनापासून भांडणारे हे नवराबायकोच असले पाहिजेत, याविषयी त्यांच्या मनात शंका उरत नाही. हेर गेल्यावर दोघे एकमेकांकडे पाहून जे हसतात, तेथे त्यांचे खरे लग्न लागते. पुढे येणाऱ्या साऱ्या चित्रांचे बीज या दोन मिनिटांत आहे.

आणि या कथेत पैशाचा हिशेब किती बारकाईने ठेवला आहे तेही पाहावे. बसमध्ये एका मुलाची आई भुकेने बेशुद्ध पडते, तेव्हा एली पीटरच्या हातची नोट त्या मुलाच्या हाती देऊन मोकळी होते. मग या दोघांवर शेतातली कच्ची गाजरे खायची पाळी येते. ज्या मुलीने आयुष्यात कधी भूक पाहिली नाही, ती आधी नाक मुरडते आणि नंतर मुकाट्याने गाजर चावू लागते. मुलीला शोधून देणाराला बापाने दहा हजार डॉलरांचे बक्षीस जाहीर केलेले असते. शेवटी पीटर त्या बापाकडे जातो आणि बक्षीस नव्हे, तर प्रवासात प्रत्यक्ष खर्च झालेले ३९ डॉलर ६० सेंट मागतो. तेवढेच, अधिक एक सेंटही नको. बाप, जो आयुष्यभर माणसांना पैशाने मोजत आलेला आहे, त्याला तेथल्या तेथे जावई पटतो. मंदीतल्या प्रेक्षकाला त्या ६० सेंटांचे मोल कळत होते. म्हणून ‘ही चित्रे लोकांना दुःख विसरायला लावीत’ असे जे सरसकट म्हटले जाते, ते मला पटत नाही. विसरायला लावणारे चित्र गाजराचा प्रसंग कशाला घालील?

आपल्याकडच्या जाणकारांना येथे ‘मानापमान’ आठवल्यावाचून राहणार नाही. काकासाहेब खाडिलकरांच्या १९११ सालच्या त्या नाटकातील भामिनी धैर्यधराच्या गरिबीला नाक मुरडते आणि पुढे वनमाला बनून त्याच्या छावणीत गेल्यावर तिला माणसाची पारख होते. धनाचा ताठा आणि गुणाचा अभिमान यांची टक्कर रंगभूमीला नवी नाही. परंतु भामिनीची समजूत अखेर धैर्यधराच्या शौर्याने पटते. एलीच्या आणि पीटरच्या बाबतीत शौर्याला वावच नाही. तेथे सारा सामना बोलण्याचा आहे.

बोलण्याला एवढे महत्त्व आले त्याची कारणे दोन. पहिले यंत्राचे. १९२७ च्या ‘द जाझ सिंगर’नंतर चित्रपट बोलू लागला खरा, परंतु आरंभीच्या बोलपटांत माणसे लपविलेल्या ध्वनिग्राहकाभोवती खिळल्यासारखी उभी राहून बोलत. चारपाच वर्षांत ही अडचण दूर झाली. नट चालता चालता, धावता धावता, जेवता जेवता बोलू शकला. मूकपट लिहिणारांना संवाद लिहिण्याचा सराव नव्हता, म्हणून न्यूयॉर्क आणि शिकागोकडून नाटककार व वृत्तपत्रांतले लोक मोठ्या पगारांवर हॉलिवुडात आणले गेले. बेन हेक्ट हा त्यांतला अग्रणी, मूळचा शिकागोचा बातमीदार. या मंडळींनी छापखान्यातली घाई आणि पत्रकारांची तिरकी जीभ चित्रपटात आणली. या बोलपटांतले नायक इतक्या वेळा बातमीदार का असतात, याचे उत्तर त्यांच्या लेखकांच्या पूर्वायुष्यात आहे.

दुसरे कारण बंधनाचे. चित्रपटांतील नीतीविषयी १९३० सालीच एक नियमावली तयार झाली होती, पण तिला कोणी फारसे जुमानीत नसे. कॅथलिक संघटनांनी बहिष्काराची मोहीम उघडल्यावर निर्मात्यांचे धाबे दणाणले आणि जुलै १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कचेरीचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. त्यावाचून चित्र दाखविणाराला २५,००० डॉलर दंड. उत्कट आलिंगने, दीर्घ चुंबने, व्यभिचाराचे आकर्षक चित्रण हे सारे वर्ज्य ठरले. काप्रांचे चित्र या सक्तीच्या चार महिने आधीचे. तरी त्यातील घोंगडी जणू येऊ घातलेल्या नियमावलीचेच चिन्ह होऊन बसली. पडद्यावर जे दाखवायचे नाही, ते सारे आता बोलण्यात उतरले. दोन माणसांची ओढ दाखवायची, पण स्पर्श नको. मग ती एकमेकांच्या बोलण्यात बोलणे घालतात, एकमेकांचे वाक्य हिसकावतात, एकाने टाकलेली कोटी दुसरा वरच्या पट्टीत परत फिरवितो. नियंत्रकांच्या कात्रीचे समर्थन करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. त्याच कात्रीने कित्येक चांगल्या चित्रांचे वाटोळे केले. परंतु या एका प्रकारापुरते, बंधनाने भाषेला धार आली हे नाकारता येत नाही.

या धारेचा कळस म्हणजे हॉवर्ड हॉक्स यांचा १९४० सालचा ‘हिज गर्ल फ्रायडे’. मूळ ‘द फ्रंट पेज’ हे हेक्ट व चार्ल्स मॅकआर्थर यांचे १९२८ चे नाटक. त्यात संपादक आणि त्याचा बातमीदार हे दोघेही पुरुष. हॉक्स यांनी त्यातील बातमीदाराला स्त्री केले आणि तिला संपादकाची घटस्फोटित पत्नी ठरविले. एवढ्या एका फरकाने नाटकाचा कायापालट झाला. रोझलिंड रसेल आणि कॅरी ग्रँट या चित्रात एकाच वेळी बोलतात, आणि तरी प्रेक्षकाचा एकही महत्त्वाचा शब्द हुकत नाही. युक्ती साधी होती: हॉक्स वाक्याच्या आरंभी व अखेरीस दोनचार बिनमहत्त्वाचे शब्द घालून ठेवीत, म्हणजे एकमेकांवर आदळत ते फक्त टोकांचे शब्द आणि गाभा मोकळा राही. दोन कसलेल्या वादकांनी एकमेकांची सम सांभाळत जुगलबंदी करावी, तसे ते ऐकू येते. हे चित्र पाहताना इंग्रजी चांगले येणारालाही प्रथम धाप लागते. दुसऱ्यांदा पाहिले की मग आनंद.

आपल्या काव्यशास्त्राने प्रणयकलहाचे मोठे कौतुक केले आहे. पण त्यातील वाटणी ठरलेली: रुसायचे तिने, समजूत घालायची त्याने. मानिनीचे मौन हेच तिचे शस्त्र. या अमेरिकी नायिकांना मौन ठाऊक नाही. त्या रुसत नाहीत, प्रतिवाद करतात. आणि नायकही समजूत न घालता प्रतिवादच करतो, कारण समोरच्या व्यक्तीला तो आपल्या तोडीची मानतो. ज्याला आपण हलके लेखतो त्याच्याशी आपण भांडत नाही, त्याला आज्ञा करतो किंवा गप्प बसतो. अमेरिकेत स्त्रियांना मतदानाचा हक्क १९२० साली राज्यघटनेने मिळाला होता. पुढल्या दहापंधरा वर्षांत त्या कचेऱ्यांत, वृत्तपत्रांत, दुकानांत कामाला लागल्या होत्या. या नायिका त्या बदलातून आलेल्या आहेत. स्टॅन्ली कॅव्हेल या तत्त्वज्ञाने १९८१ साली या चित्रांवर एक आख्खा ग्रंथ लिहिला. यांतील बरीच चित्रे लग्नाची नसून पुनर्विवाहाची आहेत, मोडलेले जोडपे पुन्हा का व कसे जुळते याची आहेत, असे त्याचे म्हणणे. ते बरोबर वाटते.

त्या ग्रंथातील एक प्रमुख चित्र म्हणजे लिओ मॅकॅरी यांचा १९३७ सालचा ‘द ऑफुल ट्रूथ’. आयरीन डन व कॅरी ग्रँट हे पतिपत्नी घटस्फोट घेतात. न्यायालयाचा निवाडा अंतिम व्हायला काही दिवसांचा अवधी असतो, आणि कुत्रा कोणाकडे राहणार यावर कोर्टात खल होतो. (हा कुत्रा, स्किपी त्याचे नाव, त्या काळचा मोठा नट! ‘द थिन मॅन’मध्येही तोच आहे आणि पुढे सांगणार आहे त्या बिबट्याच्या चित्रातही तोच. त्याच्याइतके अचूक वेळेचे भान फार थोड्या नटांना असते.) मॅकॅरी मूकपटांच्या काळात लॉरेल-हार्डी या जोडीबरोबर घडलेले, लिहिलेल्या संवादांवर त्यांचा विश्वास कमी. सेटवर येऊन ते पियानो वाजवीत बसत आणि आयत्या वेळी प्रसंग सुचवीत. ग्रँट इतके गांगरले की, या चित्रातून मला सोडा अशी विनंती त्यांनी मालकांना केली. ती मानली गेली नाही, आणि ज्या ढंगाने ग्रँट पुढे तीस वर्षे ओळखले गेले तो ढंग या चित्रात त्यांना गवसला. शेवटी मध्यरात्री निवाडा अंतिम व्हायचा आहे, दोन खोल्यांमधले दार नीट लागत नाही, आणि घड्याळातून बाहेर येणारी पुरुषाची व स्त्रीची छोटी बाहुली दर पाव तासाने आपापल्या दारांनी आत जातात. बाराच्या ठोक्याला पुरुषबाहुली वळते आणि तिच्या दारात शिरते. संपले! कात्रीवाल्यांना हरकत घ्यायला काही उरलेच नाही.

मॅकॅरी यांना या चित्राबद्दल दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले. ते स्वीकारताना त्यांनी आभार मानले आणि बक्षीस चुकीच्या चित्राला दिले असे सांगितले. कारण त्याच वर्षी त्यांनी ‘मेक वे फॉर टुमारो’ हे दुसरे एक चित्र काढले होते. मंदीत बँकेने घर ताब्यात घेतलेले एक वृद्ध जोडपे. मुले पाच, पण दोघांना एकत्र ठेवून घ्यायला कोणी तयार नाही. म्हणून आई एकीकडे, बाप दुसरीकडे. शेवटी रेल्वे स्टेशनवर त्यांची ताटातूट होते. पोट भरण्यासाठी ज्यांची मुले दूरदूर गेली आहेत, अशा कोणत्याही घरात हे चित्र शांतपणे पाहवणार नाही. ते पडले, आणि ‘द ऑफुल ट्रूथ’ गाजले. पण एकाच माणसाने, एकाच वर्षी, एकाच विषयावर, म्हणजे दोन माणसांनी एकत्र राहण्यावर, ही दोन चित्रे काढली हे ध्यानात ठेवले की विनोदी चित्रातील त्या नीट न लागणाऱ्या दारामागे काय पणाला लागले होते ते उमगते.

सर्वच चित्रांना ही उंची गाठता आली असे नाही. ग्रेगरी ला काव्हा यांचा ‘माय मॅन गॉडफ्री’ (१९३६) घ्या. न्यूयॉर्कच्या नदीकाठच्या उकिरड्यावर राहणाऱ्या एका बेकाराला श्रीमंत स्त्रीपुरुष एका खेळातील ‘वस्तू’ म्हणून उचलून आणतात. खेळ असा की, कोणालाही नको असलेल्या चिजा गोळा करायच्या. आणि यादीत एक ‘विस्मृत माणूस’. हा शब्दप्रयोग रूझवेल्ट यांनी १९३२ च्या एप्रिलमधील नभोवाणी भाषणात गाजविला होता, म्हणून प्रेक्षकाला त्याचा डंख तत्काळ जाणवे. तो बेकार गॉडफ्री मग त्या चक्रम कुटुंबाचा बटलर होतो आणि धाकट्या मुलीचे मन त्याच्यावर जडते. विल्यम पॉवेल आणि कॅरोल लोम्बार्ड यांची कामे अप्रतिम आहेत. दोघे खऱ्या आयुष्यात पतिपत्नी होते, १९३३ साली विभक्त झालेले, आणि तरी या भूमिकेसाठी लोम्बार्डच हवी असा आग्रह पॉवेल यांनीच धरला. पहिला अर्धा तास जळजळीत आहे. पण पुढे कळते की, गॉडफ्री मुळात बोस्टनच्या बड्या घराण्यातला, उच्चशिक्षित. आणि शेवटी त्या उकिरड्यावर एक झगमगीत क्लब उभा राहतो आणि बेकारांना तेथे नोकऱ्या मिळतात. ही पळवाट आहे. खराखुरा भणंग माणूस त्या दिवाणखान्यात शिरला असता तर काय झाले असते, ते दाखविण्याची हिंमत चित्राला झाली नाही. तसेच, या साऱ्या चित्रांत काळ्या माणसांना हमाल, मोलकरीण किंवा बटलर यांपलीकडे जागा नाही, हेही आज डोळ्यांआड करता येत नाही. स्त्रीला बरोबरीने भांडू देणारे हे विनोदकार त्या बाबतीत आपल्या काळापुढे गेले नाहीत.

आता तो बिबट्या. हॉक्स यांच्या ‘ब्रिंगिंग अप बेबी’त (१९३८) कॅरी ग्रँट हे प्राण्यांच्या अश्मीभूत अवशेषांचे अभ्यासक आहेत, ब्राँटोसॉरसच्या सांगाड्यातले शेवटचे एक हाड मिळाले की चार वर्षांची तपश्चर्या पूर्ण. तेवढ्यात कॅथरीन हेपबर्न नावाचे वादळ येते. तिच्याकडे ‘बेबी’ नावाचा पाळीव बिबट्या, तिच्या मावशीकडे स्किपी. स्किपी हाड कोठेतरी पुरतो, बिबट्या पळतो, सर्कशीतला दुसरा, खरोखरीचा हिंस्र बिबट्या सुटतो, आणि सारेजण अखेर तुरुंगात जमतात. त्या वेळी चित्र फारसे चालले नाही. यात एकही शहाणे पात्र नाही, सगळेच वेडे, ही आपली चूक झाली, असे हॉक्स पुढे म्हणत. मला मात्र वाटते की शहाणपणाचा तेवढाही आधार काढून घेतल्यामुळेच हे चित्र टिकले. मंदीने व्यवस्थित, हिशेबी, कागदोपत्री जगाचा भरवसा संपविला होता. सांगाड्यातल्या शेवटच्या हाडाची वाट पाहत बसलेला तो विद्वान त्या जगाचाच प्रतिनिधी आहे.

त्याच १९३८ साली कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने ‘ब्रह्मचारी’ पडद्यावर आणला. लेखक आचार्य अत्रे, दिग्दर्शक आणि नायक मास्टर विनायक. या दोन चित्रांचा परस्परांशी संबंध जोडण्याचे कारण नाही; परंतु ब्रह्मचर्याचे व्रत घेऊन बसलेला औदुंबर आणि ते व्रत मोडायला निघालेली मीनाक्षीबाईंची धीट किशोरी यांना पाहिले की हाडे जुळविणारा तो शास्त्रज्ञ डोळ्यांपुढे येतो. पोहण्याच्या पोशाखातील नायिकेवरून तेव्हा जो गहजब झाला, तो कित्येक घरांतून पुढे वर्षानुवर्षे ऐकला गेला. पुढाकार स्त्रीकडे आणि पळापळ पुरुषाकडे, हा उलटा चेंडू आपल्या माणसांनीही टाकला होता, तोही स्वतःच्या मनगटाने.

काप्रांच्या चित्राचा हिंदी अवतार मात्र उघड आहे. १९५६ सालचा ‘चोरी चोरी’, दिग्दर्शक अनंत ठाकूर, नायक-नायिका राज कपूर व नर्गिस. आणि त्यानंतर १९९१ साली महेश भट्ट यांचा ‘दिल है के मानता नहीं’, त्यात आमिर खान व पूजा भट्ट. ‘चोरी चोरी’त शंकर-जयकिशन यांचे संगीत इतके सरस आहे की, मूळ चित्रात जे काम टोमणे आणि प्रतिटोमणे करीत, ते येथे द्वंद्वगीतांकडे गेले. भांडणाची जागा गाण्याने घेतली की गोडी वाढते आणि धार कमी होते. लाभहानीचा हा हिशेब ज्याने त्याने करावा. मी गाण्यांच्या बाजूचा आहे, पण घोंगडी मूळ चित्रातलीच चांगली.

आरंभीच्या प्रश्नाकडे हॉलिवुडातल्याच एका विनोदकाराचे लक्ष गेले होते. प्रेस्टन स्टर्जेस यांनी १९४१ साली ‘द लेडी ईव्ह’मध्ये बार्बरा स्टॅनविक या पत्तेबाज ठगिणीच्या हातून हेन्री फोंडा या भोळ्या सर्पतज्ज्ञाची भरपूर फजिती करून घेतली आणि त्याच वर्षी ‘सलिव्हन्स ट्रॅव्हल्स’ चित्रित केला. त्याचा नायक विनोदी चित्रांचा यशस्वी दिग्दर्शक. त्याला आता गरिबांच्या दुःखावर गंभीर चित्र काढायचे आहे, म्हणून तो फाटके कपडे घालून भटक्यांत मिसळायला निघतो. हौसेची ती गरिबी एका अपघाताने खरी होते. आपण कोण हे सिद्ध करता न आल्याने तो साखळदंडांनी बांधलेल्या कैद्यांच्या टोळीत जाऊन पडतो. एका रात्री त्या कैद्यांना काळ्या लोकांच्या एका गरीब प्रार्थनामंदिरात नेतात. तेथला धर्मोपदेशक आपल्या लोकांना आधीच बजावतो की, येणाऱ्या पाहुण्यांना कमी लेखू नका. मग भिंतीवर पडदा लावून डिस्नेचे प्लुटो कुत्र्याचे एक व्यंगचित्र दाखवितात, आणि पायात बेड्या असलेली ती माणसे पोट धरून हसतात. सलिव्हन आपल्या शेजाऱ्याकडे पाहतो. आपणही हसतो आहोत हे त्याच्या ध्यानात येते. या प्रसंगात काळ्या समाजाला दिलेला मान त्या काळच्या मानाने असाधारण होता.

चित्र प्रेक्षकांपुढे आले तोवर पर्ल हार्बरवर हल्ला होऊन अमेरिका युद्धात उतरली होती. बेकारीचा प्रश्न युद्धाच्या कारखान्यांनी सोडविला, नट आणि दिग्दर्शक गणवेशात गेले, आणि भणंग बातमीदार व लाडावलेल्या वारसदारिणी यांच्या कथा मागे पडल्या. ‘माय मॅन गॉडफ्री’तील लोम्बार्ड १९३९ पासून क्लार्क गेबलची पत्नी होती. युद्धकर्जाच्या रोख्यांसाठी तिने इंडियानात सभा घेतली आणि विमानाने घरी परतत असता १६ जानेवारी १९४२ रोजी लास व्हेगासजवळच्या डोंगरावर ते विमान आदळून ती आणि तिची आई यांचा अंत झाला. ती तेहतीस वर्षांची होती. अर्न्स्ट लुबिच यांच्या ‘टू बी ऑर नॉट टू बी’चे तिचे काम तेवढ्यात पुरे झाले होते, वॉर्सातील नाटक मंडळीने नाझींना बनविल्याची ती कथा. चित्र लागले तेव्हा अनेक जण हसले, आणि पोलंड होरपळत असताना हा विनोद सुचतो तरी कसा, असेही पुष्कळांनी विचारले. त्यात तिच्या तोंडी एक वाक्य होते, विमानात असे काय होणार आहे, या अर्थाचे. ते चित्र प्रदर्शित होण्यापूर्वी काढून टाकण्यात आले.